बिनशेंडीचा नारळ

मोरपीस दिसलं आणि डोरीन होती तिथेच थांबली. हातातला किल्ल्यांचा जुडगा तिनं छातीशी धरला.

"ते काय आहे?" तिनं विचारलं.

"मोरपीस," मी म्हणाले. सेटच्या मागच्या भिंतीवर बाळकृष्णाची तसबीर होती आणि तिच्या चौकटीत आम्ही मोरपिसं खोचली होती. नाटकातलं घर मराठी आहे हे कळायला नको का?

"खरं? मोराचं?"

"मोराचंच."

"मग आधी ते माझ्या स्टेजवरून बाहेर काढ, लव्ह," ती म्हणाली. "बाकीचं नंतर बोलू."

डोरीन ही त्या थिएटरची सर्वेसर्वा. उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या गिरणीगावातलं ते लहानसं थिएटर होतं. तिथल्या मराठी मंडळानं रविवारी दुपारचा खेळ ठेवला होता. डोरीन साठीच्या पुढची, बुटकी, पायात पुरुषी बूट घालणारी बाई. ती सगळ्यांना 'लव्ह' म्हणायची. मला, बसच्या ड्रायव्हरला, आणि पहिल्या पाच मिनिटांत आप्पांनाही. आप्पांना त्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा ते बराच वेळ टोपी नीट करत राहिले.

आप्पा म्हणजे माझे वडील, आप्पा वायंगणकर. वय सत्तरीच्या पलीकडे, आणि त्यातली पन्नास वर्षं तोंडाला रंग लावण्यात गेलेली. नाटकात ते म्हाताऱ्या बापाचं मुख्य काम करायचे. मी त्याच नाटकाची व्यवस्थापक होते. म्हणजे बॅगा मोजायच्या, कपड्यांना इस्त्री करायची, रुसलेल्यांना जेवायला बसवायचं आणि प्रयोग सुरू झाला की विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करायचं. नाटक कौटुंबिक होतं, दीड अंक हसवणारं आणि शेवटी रडवणारं. असं नाटक परदेशात हमखास चालतं.

आता डोरीनचं मोरपीस आप्पांना समजावून देणं आलं. ते विंगेजवळ खुर्चीवर बसून आपल्या जागा मनाशी घोळवत होते.

"आप्पा, त्यांच्याकडे स्टेजवर मोरपीस चालत नाही. अपशकुन मानतात."

"मोरपीस अपशकुनी?" आप्पांनी मान वर केली. "देवाच्या डोक्यार आसता ता."

"त्या पिसावर डोळा असतो ना, तो वाईट नजरेनं बघतो, असं म्हणतात. मग सेट पडतो, माणसं वाक्यं विसरतात."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघायला नको होतं. आप्पा एकदम उठले, तसबिरीपाशी गेले आणि स्वतःच्या हातानं पिसं काढून माझ्याकडे दिली.

"बसमदी ठेव," ते म्हणाले. "लांब ठेव."

यामागचं कारण सांगायला हवं. दोन दिवसांपूर्वी लंडनच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकाच्या शेवटी, आप्पा वाक्य विसरले होते. आधीही एकदोनदा अडखळले होते, पण ते मी विंगेतून सावरून घेतलं होतं. लंडनला मी तीनदा वाक्य दिलं तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. ते नुसते उभे राहिले, समोरच्या अंधाराकडे बघत. शेवटी मुलाचं काम करणाऱ्या निमिष परुळेकरनं त्यांचं वाक्य स्वतःच्या तोंडी घेऊन पडदा पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे निर्माते राजाध्यक्ष मात्र टाळ्या संपायच्या आत विंगेत आले होते.

"कुंदा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढचा प्रयोग आप्पा करतील. पण परत असं झालं तर त्याच्या पुढचे निमिष करेल. त्याला दोन्ही भूमिका पाठ आहेत, मुलाचं काम मी कुणाकडून तरी करून घेईन. आप्पांना तू सांगशील की मी सांगू?"

मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही. तसं पाहिलं तर सांगण्यासारखं त्याहून मोठं माझ्याकडे आधीपासूनच होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं की हे विसरणं आता वाढत जाणार, आप्पांनी काम थांबवलं तर बरं. ते वाक्य मी चार महिने तोंडात घोळवत होते. समोर आप्पा बसले की मी चहाचं विचारायचे.

पण आप्पांना सगळं कळलं होतं. राजाध्यक्ष नजर चुकवून बोलायला लागले की कुणालाही कळतं. दोष मात्र आप्पांनी नारळाच्या माथी मारला होता. प्रत्येक प्रयोगाआधी स्टेजवर नारळ वाढवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं ही त्यांची पन्नास वर्षांची पद्धत. लंडनच्या हॉलमध्ये परवानगी नव्हती म्हणून राजाध्यक्षांनी मुंबईहून आणलेला नारळ हॉटेलच्या आवारात परस्पर फोडून टाकला आणि खोबरं वाटून मोकळे झाले.

"नारळ फोडलो त्यांनी," आप्पा दोन दिवस म्हणत होते. "वाढवूक नाय."

मी असल्या गोष्टी मानत नाही. लहानपणी आमच्या घरात कुणी शिंकलं की आप्पा चपला काढून परत बसायचे. बाहेर पडताना 'कुठे चाललात' असं विचारलं म्हणून मी मार खाल्लेला आहे. दहावीच्या गणिताच्या पेपरला निघताना मांजर आडवं गेलं म्हणून त्यांनी मला कोपऱ्यावर इतका वेळ थांबवून ठेवलं की बस चुकली. पेपर अर्धा राहिला आणि दोष मांजराला गेला. तेव्हापासून मी देवाच्या खोलीत नुसती झाडू मारायला जाते.

तरी त्या रविवारी सकाळी मीच सुपरमार्केटात जाऊन नारळ आणला. मिळाला तो गुळगुळीत, तासलेला, बिनशेंडीचा, वर किमतीचा कागद चिकटवलेला. आप्पांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ह्येका शेंडी नाय."

"इथे असेच मिळतात."

"शेंडी नाय तर देवाकडे तोंड खयच्या बाजून करूचा?"

मी कागद सोलून काढला आणि म्हटलं, "तीन डोळे आहेत ना, ते वर करा."

मोरपिसं बसमध्ये गेल्यावर मी डोरीनकडे नारळाची गोष्ट काढली. स्टेजवर नारळ फोडायचा आहे, म्हटलं. थोडं पाणी सांडेल, पण आम्ही पुसून घेऊ.

"स्टेजवर?" डोरीन म्हणाली. "जमिनीवर आपटून?"

"हो."

"नाही, लव्ह. पाणी नाही, जाळ नाही, आपटणं नाही. कशासाठी करायचं हे?"

"प्रयोग नीट व्हावा म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसेल. तेवढ्यात विंगेत निमिषनं शीळ घातली. निमिषला कामाच्या आधी शीळ घालायची सवय होती. थिएटरात शीळ घालणं हाही तिच्या लेखी अपशकुनच. डोरीन गर्रकन वळली आणि तिनं त्याला दाराकडे बोट दाखवलं. बाहेर जा, स्वतःभोवती तीनदा फिर, दार वाजव आणि आत बोलावल्याशिवाय येऊ नकोस. निमिषला वाटलं थट्टा आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जा बाबा. तो गेला. दाराच्या काचेतून तो बाहेर गिरकी घेताना दिसत होता. मग त्यानं दार वाजवलं आणि डोरीननं त्याला रीतसर आत घेतलं.

आप्पा हे सगळं बघत होते. त्यांचा चेहरा खुलला होता.

"बाई जाणती आसा," ते मला म्हणाले. "तिका सांग, आमी तुझा मोरपीस मानला."

मी सांगितलं. डोरीननं आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी डोरीनकडे पाहिलं. दोघांच्यात एक शब्द समान नव्हता, तरी मी मध्ये उभी असून मलाच परकं वाटायला लागलं.

"मागच्या दारापाशी दगडी पायरी आहे," डोरीन शेवटी म्हणाली. "ती थिएटरचीच आहे. तिथे चालेल का विचार."

आप्पांना चाललं. पहिल्या घंटेला वेळ होता, बाकीचे रंगपटात तोंडं रंगवत होते, राजाध्यक्ष पुढच्या दारावर मंडळाच्या लोकांशी हात मिळवत होते. म्हणून पायरीपाशी आम्ही तिघंच होतो. आप्पांच्या तोंडाला अर्धा रंग लागलेला, अंगावर नाटकातलं धोतर आणि त्यावर थंडीचा कोट. मागचं आवार चिंचोळं होतं, कडेला रिकामे क्रेट रचलेले. बारीक पाऊस येऊन गेला होता.

गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणायला कुणीतरी लागतं. मुंबईत नेहमी आमचा कपडेवाला म्हणायचा, मी लांब पुस्तक चाळत उभी असायचे. आज दुसरं कुणी नव्हतं.

"म्हण," आप्पा म्हणाले.

"म्हणते."

त्यांनी चपला काढल्या. नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरू केलं. आवाज एकदम बदलला. खर्जातला, स्टेजवरचा नव्हे, गावच्या देवळातला.

"होय म्हाराजा," मी म्हणाले.

"आज ह्या परमुलखात तुझी लेकरा खेळ करूक उबी आसत."

"होय म्हाराजा."

"हयसरचो जो कोण राखणदार आसात, माका तेचा नाव ठावक नाय, तेकाय मी हात जोडतंय."

"होय म्हाराजा."

"नारळाक शेंडी नाय. ती चूक आमची नाय, हयसरच्या बाजाराची. ती पोटात घाल."

मला हसू आलं, ते मी 'होय म्हाराजा'त दाबलं. डोरीन मागे हात बांधून उभी होती. चर्चमध्ये उभी असावी तशी.

"माझा चेडू काळोखात पुस्तक घेवन उबा रवता. तेचे डोळे संबाळ. तेका माझो तरास झालो आसात तर तो माझ्या माथ्यार घाल."

इथे मी होय म्हाराजा म्हटलं की नाही, आठवत नाही. इतकी वर्षं रोज हे गाऱ्हाणं होत होतं आणि मी वीस पावलांवर उभी असायचे. त्यात मी आहे हे मला माहीतच नव्हतं.

"आनी माझा येक मागणा आसा," आप्पा म्हणाले. "आजचो येक खेळ माका नीट करूंदे. मगे मी आपणान रंग पुसतलंय आनी परत लावचंय नाय. कोणी सांगूच्या आधी मीच बाजूक होतलंय. ह्यो माझो सबद."

आप्पा थांबले होते.

"म्हण गो," ते हळूच म्हणाले.

"होय म्हाराजा," मी म्हणाले. म्हणजे आज काहीही झालं तरी हा शेवटचाच प्रयोग होता. विसरले तर राजाध्यक्ष त्यांना बाजूला करणार, नाही विसरले तर ते स्वतः होणार. कसं जायचं, एवढंच उरलं होतं. ताठ मानेनं, की लंडनसारखं अंधाराकडे बघत.

आप्पांनी हात वर नेला आणि नारळ पायरीवर मारला. एका घावात दोन भकलं झाली. आणि वास आला.

पाणी करडं होतं. खोबरं आतून तपकिरी, बुळबुळीत, सुटलेलं. नारळ पार नासला होता. सुपरमार्केटात किती दिवस पडून होता कोण जाणे.

आप्पा मागे सरकले, एका क्रेटवर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून पायरीकडे बघत राहिले. अर्ध्या रंगाखाली त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता.

"मान्य नाय," ते म्हणाले. "देवाक मान्य नाय, बाये."

"आप्पा, नारळ जुना होता. इथे लांबून येतात, म्हणून खराब होतात."

"निमिषाक सांग, तयारी कर म्हणान."

"असं नका करू. नासका निघाला म्हणजे इडापिडा त्यातून गेली, असंही म्हणतात ना? आजी म्हणायची."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण कीव आल्यासारखं.

"तू माका सांगतस? देवापुढे कधी वात लावलंस?"

खरं बोलत होते ते. जिला कशाचीच भीती नाही तिनं दिलेला दिलासा कसा पटणार? आयुष्यभर मी ज्या गोष्टींना हसले त्यातलीच एक आता मी त्यांना द्यायला गेले होते आणि ती त्यांच्या हातात पोचण्याआधीच खोटी झाली होती. माझा मलाच राग आला.

"काय झालं?" डोरीननं विचारलं.

मी सांगितलं. नारळ चांगला निघायला हवा होता, खराब निघाला, म्हणजे देवानं नाही म्हटलं, आणि हे आता स्टेजवर जाणार नाहीत.

डोरीन वाकली, नारळाचं भकल उचललं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग ती हसली.

"सुटलो," ती म्हणाली. "चांगला निघाला असता तर मलाच भीती वाटली असती."

"काय?"

"अगं, आधी चांगलं निघालं की खेळ बिघडतो. पडद्याच्या आधी जे बिघडायचं ते बिघडून जायला हवं. हे थिएटरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटची तालीम चांगली झाली की आमच्याकडे कुणी हसत नाही. हे तर बाहेरच नासलं, पायरीच्या अलीकडे. याहून चांगलं काय असतं? त्यांना सांग."

मी आप्पांसमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी एका अंधश्रद्धेची वकिली करत होते आणि तीही परक्या. एक शब्द पदरचा घातला नाही. गरज पडली असती तर घातलाही असता.

आप्पांनी मान वर केली. "तिका विचार, हा तिका कोणी सांगल्यान?"

मी डोरीनला विचारून सांगितलं, "तिच्या आधी जी बाई इथे होती तिनं. आणि तिला तिच्या आधीच्या माणसानं."

"कधी खोटा पडला?"

मी विचारलं. डोरीननं उत्तर द्यायला वेळ घेतला. उगीच तोंडदेखलं बोलणारी बाई ती नव्हती.

"एका नाताळात आमच्या खेळात गाय होती," ती म्हणाली. "दोन माणसं आत शिरून करतात तसली. शेवटच्या तालमीला तिचे मागचे पाय विंगेतच राहिले, नुसतं डोकं आणि पुढचे पाय स्टेजवर आले. सगळे रडकुंडीला आले होते. तो खेळ वसंतापर्यंत चालला. आणि एकदा तालीम अशी सुरेख झाली की आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. पहिल्याच खेळाला मुख्य नटी स्टेजपुढच्या वादकांच्या खड्ड्यात पडली, पाय मोडला. खोटं पडलेलं मला तरी आठवत नाही."

मी हे सगळं मालवणीत सांगायचा प्रयत्न केला. मी मुंबईत वाढले, मालवणी कळते, पण बोलताना शाळेतली मराठी मध्ये येते. गाईच्या मागच्या पायांपाशी आले तेव्हा आप्पांच्या ओठाचा कोपरा हलला.

"मागचे पाय विंगेत?"

"विंगेत."

ते क्रेटवरून उठले. पायरीवरची दोन्ही भकलं त्यांनी आपल्या हातानं उचलली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, आवारातल्या नळाखाली हात धुतले आणि डोरीनसमोर येऊन उभे राहिले. तिला त्यांनी नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, नीट वाकून. डोरीन गोंधळली. मग तिनंही तसाच केला.

"चल," आप्पा मला म्हणाले. "उरलेलो रंग लावूचो आसा."

प्रयोग रंगला. रविवार दुपार, जेवून आलेली माणसं, मागच्या रांगेत पोरांची चुळबुळ, आणि तरीही पहिल्या पाच मिनिटांत आप्पांनी हॉल ताब्यात घेतला. काही वाक्यांना तर लोक इतके हसले की त्यांना थांबावं लागलं. मी विंगेत पुस्तकावर छोटा दिवा धरून उभी होते. डोरीन शेजारी स्टुलावर बसली होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती आप्पांवरून नजर काढत नव्हती.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी घर सोडून जाणारा मुलगा दारात उभा राहतो आणि बाप त्याला म्हणतो, "जा. पण दिवा घालवू नकोस, मला अजून वाचायचंय." लंडनला हेच वाक्य गेलं होतं. साधं वाक्य. त्या वाक्यावर लोक रडायचे.

निमिष दारात जाऊन उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते थांबले.

मी बोट वाक्यावर ठेवलं. हॉलमध्ये शांतता झाली. आप्पा थांबलेलेच होते. माझं तोंड उघडलं आणि तेवढ्यात डोरीननं माझं मनगट पकडलं. घट्ट, दुखेल इतकं. मला गप्प करायला पकडलं की तिलाही भीती वाटली म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. तिचा हात गार पडला होता.

"जा," आप्पा म्हणाले. आणि मग, घाई न करता, जणू दाराकडे बघता बघता सुचलं असावं तसं, "पण दिवा घालवू नकोस. मला अजून वाचायचंय."

पडदा पडला तेव्हा मी पुस्तक मिटायचंही विसरले होते. डोरीन डोळे पुसत होती. मी विचारलं, तुला काय कळलं? ती म्हणाली, म्हातारा माणूस कुणाला तरी जाऊ देत होता, एवढं कळलं.

तो मुद्दाम घेतलेला विराम होता की विस्मरण, हे मी नंतर आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तुका काय वाटला?"

रंगपटात राजाध्यक्ष दोन्ही हात पसरून आले. खूश झाले की ते सगळ्यांना मिठी मारायचे, आणि रंग ओला असला तरी मारायचे.

"आप्पा, माझे शब्द मी मागे घेतो. दौऱ्याचे उरलेले सगळे प्रयोग तुम्हीच करायचे."

"कसले सबद?" आप्पांनी विचारलं. राजाध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

"काही नाही, काही नाही," राजाध्यक्ष म्हणाले.

"उद्यापासून निमिष करील," आप्पा म्हणाले. ते आरशासमोर बसून खोबरेल तेलानं रंग पुसत होते. "चांगलो आसा तो. तेका पाठ पण आसा."

राजाध्यक्षांना वाटलं रुसले. त्यांनी समजूत घातली, मग मला खुणा केल्या, मग समजावणारं आणखी कुणीतरी घेऊन येतो म्हणून गेले. दार लागल्यावर मी आप्पांच्या शेजारी बसले. डॉक्टरांचं वाक्य जिला चार महिन्यांत बोलता आलं नव्हतं, तीच मी आता उलट बाजूनं भांडायला बसले होते. त्यांना आज ज्या डौलानं उभं राहिलेलं पाहिलं होतं, ते मला आणखी थोडं हवं होतं. अगदी साधा लोभ होता तो.

"आप्पा, अजून एक-दोन करा की. गाऱ्हाणं कुणी ऐकलंय? मी एकटीच होते."

"आनी ती बाई?"

"तिला मालवणी कुठे कळते?"

"म्हणान ऐकूक नाय काय तिना? उबी होती मगे हात बांदून." त्यांनी कापसाचा बोळा कपाळावरून फिरवला. रंगाखालचं कपाळ सुरकुतलेलं, गोरं, घरचं होतं. "आनी माका जमला गो आज. जमला तेवा थांबाचा. जमाचा नाय तेवा लोक थांबयतत."

मला रडू आलं. आप्पांनी तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला, केस खराब होतील याचा विचार न करता. मला दुःख झालं होतं, आणि खरं सांगायचं तर खूप सुटल्यासारखंही वाटत होतं. ते वाक्य आता मला बोलावं लागणार नव्हतं. आप्पांनी ते माझ्याकडून काढून आपल्या देवाकडे दिलं होतं. त्या देवाशी माझा संबंध नाही, पण त्या दिवसापासून त्याच्याविषयी वाकडं बोलायचं मी सोडून दिलं.

पुढचा प्रयोग दुसऱ्या गावी होता. निमिषनं म्हाताऱ्याचं काम केलं, मुलाच्या कामाला राजाध्यक्षांनी मंडळातला एक दातांचा डॉक्टर उभा केला. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नाटकाला तिकिटाच्या खुर्चीवर बसले, कोट घालून, तिसऱ्या रांगेत. पडद्याच्या फटीतून मी मधूनमधून बघत होते. ते हसत होते. जी वाक्यं त्यांनी शेकडो वेळा म्हटली होती त्यांनाही, आणि इतरांच्या आधी नाही, इतरांबरोबर.

मध्यंतरात मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले.

"कसं चाललंय?" मी विचारलं. "दुसऱ्या अंकात निमिषला जरा…"

"गप गो," आप्पा म्हणाले. "फुडे काय होता ता माका सांगा नको. माका बघूचा आसा."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा करत होते की नाही, कळलं नाही. डोळे मात्र लहान मुलासारखे पडद्याला लागलेले होते. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि घंटा व्हायच्या आत माझ्या जागेवर गेले.